भिमाबाईनं जिंकलेला दावा

भिमाबाईचा नवरा खामगावच्या कापूस बाजारात हमाल होता. गाठींची थप्पी अंगावर कोसळून तो गेला, तेव्हा तिची लेक अजून रांगत होती. दिरानं मागच्या अंगाची एक खोली दिली आणि रोज ती दिल्याची आठवणही दिली. पुढं गावाबाहेर धवलधारा सहकारी सूतगिरणी सुरू झाली आणि रिलिंग खात्यात बाया घेताहेत असं कळलं, तशी भिमाबाई फाटकाशी जाऊन उभी राहिली. घेतलं तिला.

रिलिंगचं काम उभ्यानं. फिरत्या चाकावर सुताच्या लडी गुंडाळल्या जायच्या, आणि धागा तुटला की चाक थांबवून तिथल्या तिथं गाठ मारायची. कापसाचं भुरं नाकातोंडात जायचं, पाय सुजायचे. पण महिन्याच्या महिन्याला पगार हाती यायचा आणि तो हाती येण्याआधीच त्यातला काही प्रॉव्हिडंट फंडात जायचा. बाकीच्या बाया या कपातीवर कुरकुरायच्या. भिमाबाई कधी कुरकुरली नाही. ती म्हणायची, "घरातल्या डब्यातला पैसा दीर मागते, भाऊ मागते, उद्या जवाई मागन. फंड कोणाले मागता येते काय? माहा मलेसुद्धा मागता येत नाही." रिटायर झाली की त्या पैशांतून पिठाची चक्की टाकायची, लाइटवरची, आणि दिराच्या दारातून निघून दोन रस्त्यांच्या तोंडावर कुठंतरी भाड्यानं राहायचं, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. कोणाच्या ताटाकडं बघायची वेळ म्हातारपणी येऊ नये, बस.

धवलधाराला एक सवलत होती. कामगारांचा फंड सरकारकडं न भरता गिरणीनंच ट्रस्ट करून सांभाळायचा, मात्र पैसा सरकारनं ठरवून दिलेल्या ठिकाणीच गुंतवायचा. ट्रस्टवर चार माणसं. गिरणीचे अध्यक्ष नारायणराव, मॅनेजर, एक संचालक आणि कामगारांनी निवडलेला एक माणूस. तो चौथा माणूस निवडायला पाळी सुटल्यावर फाटकाशी सभा भरली होती. पुढारी नावं घोळत होते, बायांना घरी जायची घाई होती. भिमाबाईच मागून ओरडली, "शालिग्रामभाऊले करा ना! कामून एवढा वेळ लावून राह्यले?"

शालिग्राम फिटर होता. खात्याची भिशी त्याच्याकडं असायची. एकदा भिशी लागलेली बाई पैसे घेण्याआधीच तापानं गेली, तर हा माणूस सायकल मारत तिच्या आईच्या गावी जाऊन पैसे देऊन आला होता. कोणी मागितलेही नव्हते. त्यामुळं त्याचं नाव निघालं आणि झाडून सगळ्यांचे हात वर गेले. शालिग्राम मान खाली घालून हसत उभा राहिला. त्या दिवशी त्याच्या बायकोनं, छायानं, भिमाबाईला घरी नेऊन शिरा खाऊ घातला. दोघींचं तसं आधीपासूनच जमायचं. उन्हाळ्यात पापड-कुरडया त्या एकत्रच करायच्या, शालिग्रामच्या अंगणात. ते घर नवराबायकोनं सुट्टीच्या दिवशी स्वतः विटा वाहून बांधलेलं, दोन खोल्यांचं, वर पत्रे.

गिरणी पुढं आजारी पडली. आधी एक पाळी बंद झाली, मग पगार अडकले, मग एका सकाळी फाटकाला कुलूप दिसलं. बाया रडल्या, पण भिमाबाई म्हणाली, फंड तर आहे. सगळ्या मिळून ट्रस्टच्या कचेरीत गेल्या. तिथल्या कारकुनानं नजर न उचलता सांगितलं की फंड पतसंस्थेत ठेवलाय. पतसंस्था नारायणरावांचीच. आणि तिचं शटर गिरणीच्या आधीच खाली आलं होतं.

आरडाओरडा झाला, मोर्चा झाला, बुलढाण्याला कलेक्टर कचेरीसमोर बसून झालं. मग माणसं पांगली. कोणी सुरतेला गेलं, कोणी पुन्हा सोयाबीनच्या मजुरीला लागलं. भिमाबाई आणि तिच्या खात्यातली पुष्पाबाई या दोघींनी मात्र बुलढाण्याला एक वकील बाई शोधून काढली. निवेदिता तिचं नाव. शिक्षकाची मुलगी, वकिलीत नवी, पण कागद वाचून मगच बोलणारी. ट्रस्टची नोंदलेली कचेरी बुलढाण्याची, म्हणून सगळ्या कामगारांच्या वतीनं दावा तिथंच लावायचा होता.

"विश्वस्त म्हणजे काय, ते आधी नीट समजून घ्या," निवेदिता म्हणाली. "दुसऱ्याचा पैसा हाती आला की तो आपल्या स्वतःच्या पैशासारखा जपायचा, आणि ज्यांचा पैसा त्यांचंच भलं बघायचं. आपलं नाही. नारायणरावांनी तुमचा फंड सरकारी रोख्यांतून काढला आणि बुडायला आलेल्या स्वतःच्या पतसंस्थेला टेकू दिला. तो ठराव माझ्याकडं आहे. त्यावर चौघांच्या सह्या आहेत."

"चौघांच्या?" भिमाबाईनं विचारलं.

"हो. शालिग्राम यांचीही."

"त्यायले काय समजते व बाई त्याच्यातलं? कागद पुढं केला असन, केली सही."

"कोर्टात हे चालत नाही, भिमाबाई. विश्वस्तानं न वाचता सही केली, हीच त्याची चूक धरतात. आणि त्यांना वगळून दावा लावला, तर बाकीचे तिघं पहिल्याच तारखेला विचारतील, कामगारांचाच माणूस यात होता, त्याला का सोडलं म्हणून. दावा लावायचा तर चौघांवर."

पुष्पाबाई लगेच हो म्हणाली. भिमाबाईनं एक दिवस मागून घेतला आणि तशीच शालिग्रामच्या घरी गेली. तो अंगणात बसून कोणाच्या तरी विहिरीच्या मोटारीला तार भरत होता. गिरणी बंद पडल्यावर त्याच कामावर घर चालायचं.

"भाऊ, मी तुह्यावर केस करून राह्यलो," भिमाबाई म्हणाली. दुसरं कसं सांगावं ते तिला सुचलं नाही.

त्यानं तार खाली ठेवली. "कर. सही केली तं केली मी."

"पण काऊन केली गा?"

"सायब म्हणे, व्याज जास्त भेटते. तुह्याच बायायचं भलं होईन म्हणे. मले वाटलं, जास्त व्याज आलं तं बरंच हाय."

छाया दारात उभी राहून ऐकत होती. ती इतकंच बोलली, "गेटावर याचं नाव तं तूच सांगलं होतं ना वं?"

त्या उन्हाळ्यापासून पापड जिचे तिच्या घरी झाले.

दावा लागला आणि चालत राहिला. तारीख असली की बाया खामगावहून बसनं निघायच्या. बोथ्याच्या घाटात बस वळायला लागली की पुष्पाबाईला मळमळायचं, मग तिला खिडकीची जागा द्यायची आणि बाकीच्यांनी लिंबू हुंगत बसायचं. वर बुलढाण्यात पोचून कोर्टाच्या व्हरांड्यात बसलं की कधी साहेब रजेवर, कधी समोरचा वकील आजारी, कधी नुसतीच पुढची तारीख. त्याच बसनं शालिग्रामही यायचा, मागच्या सीटवर एकटा. परतीला कोणी त्याच्याशी बोलत नसे. भिमाबाई कधी शेंगदाण्याची पुडी मागं पाठवायची. तो घ्यायचा.

एकेक करून प्रतिवादी कमी झाले. संचालक वारला. मॅनेजर कुठं निघून गेला त्याचा पत्ताच लागला नाही. नारायणराव फक्त जबानीपुरते आले, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, दोन गाड्या घेऊन. प्रत्येक प्रश्नाला त्यांना काही आठवत नव्हतं. एक गोष्ट मात्र पक्की आठवत होती. "कामगारांच्या प्रतिनिधीची ठरावाला पूर्ण संमती होती," ते म्हणाले. "त्यांचाच माणूस हो म्हणतो म्हटल्यावर आम्ही काय समजायचं?"

मग शालिग्राम पिंजऱ्यात उभा राहिला. निवेदितानं त्याला विचारलं, "हा पैसा तुमचा स्वतःचा असता, तर तुम्ही तो या पतसंस्थेत ठेवला असता का?"

"माहा होताच ना बाई त्याच्यात," शालिग्राम म्हणाला. "सगळाच होता."

कोर्टात मागं कोणीतरी हसलं. निवेदितानं पुढचे प्रश्न विचारले, कारण ते विचारणं भाग होतं. ठराव वाचला होता का? नाही. कोणाला वाचून दाखवायला सांगितला का? नाही. पतसंस्थेची स्थिती विचारली का? नाही.

"का नाही विचारलं?"

शालिग्रामनं कठड्यावरचा हात काढून घेतला. "मोठ्या लोकायच्या मधात बसवलं होतं मले. पंख्याखाली. चहा कपबशीत देत. नारायणराव स्वतः म्हणत, घ्या शालिग्रामजी. तिथी विचारावं कसं, सायेब?"

हे उत्तर न्यायाधीशांनी शब्दशः लिहून घेतलं. बाहेर आल्यावर भिमाबाई निवेदिताला म्हणाली, "लई विचारलं बाई तुम्ही त्याले." निवेदिता म्हणाली, "तुमच्याच बाजूनं विचारलं."

निकाल लागला तो भिमाबाईचे केस पूर्ण पांढरे झाल्यावर. बाया जिंकल्या. चारही विश्वस्तांनी कर्तव्य मोडलं, बुडालेला फंड व्याजासकट भरून द्यायला ते सगळे मिळून आणि एकेकटेही जबाबदार आहेत, असं कोर्टानं म्हटलं. पुष्पाबाईनं बसस्टँडवर सगळ्यांना चहा पाजला आणि रडली. भिमाबाईनं "आता चक्कीचा भाव विचारून येतो" असं म्हटल्यावर सगळ्या हसल्यासुद्धा.

निवेदिता हसली नव्हती. तिनं पंधरवड्यानं दोघींना बोलावून घेतलं.

"एकेकटेही जबाबदार, याचा अर्थ सांगते. ज्याच्याकडं मिळेल त्याच्याकडून सगळं वसूल करता येतं. नारायणराव नागपूरला अपिलात गेलेत आणि त्यांनी स्थगिती आणलीय. अपील संपेपर्यंत त्यांना हात लावता येणार नाही. तसंही बंगला, जिनिंगचा कारखाना, पेट्रोल पंप, सगळं सुनेच्या नावावर आहे, पहिल्यापासून. संचालकाच्या मागं कर्जच आहे. मॅनेजर सापडत नाही."

"मंग?" पुष्पाबाईनं विचारलं.

"शालिग्राम यांनी अपील केलेलं नाही. त्यांचं घर त्यांच्या नावावर आहे."

निवेदितानंच पुढं सांगितलं, कारण सांगायला हवं होतं, की शालिग्रामनं भरल्यावर त्याला नारायणरावांकडून वाटा मागता येईल, कायद्यात तशी सोय आहे. भिमाबाई म्हणाली, "हाव, मागन तो. दोन गाड्यायच्या मधात उभा राहून मागन."

जप्तीच्या अर्जावर भिमाबाईची सही हवी होती, दाव्यात पहिलं नाव तिचं होतं, दुसरं पुष्पाबाईचं. तिनं नाही म्हटलं. तर संध्याकाळी पुष्पाबाई तिच्या खोलीवर आली. पुष्पाबाईच्या नवऱ्याची किडनी गेली होती, आठवड्यातून दोनदा अकोल्याला न्यावं लागे.

"तुले तुहा भाऊ दिसते," पुष्पाबाई म्हणाली, "मले माहा नवरा दिसते. रोज. मी त्याले काय सांगू? जिंकलो पण घेत नाही?"

"त्यानं खाल्ले काय व पैसे?"

"आपण खाल्ले काय?"

भिमाबाई पुन्हा त्या अंगणात गेली. शालिग्रामला डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं, मोटारी भरणं सुटलं होतं. तिनं त्याला नागपूरला जाऊन अपील करायची गळ घातली. निवेदिता समोरच्या बाजूची वकील, ती हे तिच्या तोंडानं सांगू शकत नव्हती, पण अपील केलं तरच त्याचं घर काही दिवस तरी वाचेल, हे भिमाबाईला कळलं होतं.

"नागपूरच्या वकिलाले काय देऊ? हे घरच विकून देऊ काय?" शालिग्राम म्हणाला. "आन् सांगू काय तिथी? सही माही नाही म्हणून? माहीच हाय ना ती." मग म्हणाला, "तू सही कर, बाई. तू नाही केली तं पुष्पाबाई करन. तिच्यापेक्षा तू केलेली बरी."

छाया घरातून बाहेर आली नाही.

भिमाबाईनं सही केली. सही करायला ती गिरणीतच शिकली होती.

बेलीफ आला तेव्हा त्याच्याबरोबर डफडंवाला होता. जप्ती पुकारायची तर वाजवून पुकारायची असा नियमच आहे. डफडं ऐकून पोरं धावत आली, त्यांना वाटलं कोणाचं लग्न आहे. बेलीफनं दारावर कागद डकवला, नाव वाचलं, खाकरला आणि निघून गेला. छाया अंगण झाडत होती. ती झाडतच राहिली, झाडून झालेली जागासुद्धा.

लिलावात घर एका खताच्या व्यापाऱ्यानं घेतलं, गोदामासाठी. बोली चढलीच नाही, जप्तीचं घर म्हणून लोक हात राखून होते. आलेला पैसा इतक्या माणसांत वाटायचा होता की एकेकीच्या हाती जे आलं त्यात चक्कीचं जातंही आलं नसतं. शालिग्रामचा स्वतःचाही फंड बुडाला होता, पण त्याला काही मिळालं नाही. चूक करणाऱ्या विश्वस्ताचा हिस्सा आधी वळता करून घेतात. पुष्पाबाईचा हिस्सा अकोल्याच्या फेऱ्यांत गेला, आणि दिवाळीच्या आत नवराही गेला. त्यानंतर ती भिमाबाईकडं एकदाच आली, उंबऱ्यावर बसली, पाणी पिऊन उठून गेली.

भिमाबाईनं आपले पैसे खर्च केले नाहीत.

पुढच्या वर्षी नारायणराव वारले. मोठ्या दवाखान्यात, म्हातारपणानं. अंत्ययात्रेला बाजार बंद होता. अपील पुढं चालवायला घरच्यांपैकी कोणी उभं राहिलं नाही, ते आपोआप पडलं. निवेदितानं फोन करून सांगितलं की आता निकाल कायम झाला, त्यावर बोलायला कोणी उरलं नाही.

"मंग आता त्याच्या पोरायकडून घेता येते ना?" भिमाबाईनं विचारलं.

"बापाकडून जेवढं त्यांच्याकडं आलं, तेवढंच घेता येतं. आणि कागदावर त्यांच्याकडं काहीच आलेलं नाही. नारायणरावांच्या नावावर एक जुनी जीप निघाली, चालत नाही." मग म्हणाली, "मी तुमची फी परत पाठवते, भिमाबाई." भिमाबाई म्हणाली, "नोको. तुम्ही तं केलं जेवढं होत होतं."

शालिग्राम आणि छाया अमडापूरला छायाच्या भावाकडं राहायला गेले होते. सोयाबीन निघून गेल्यावर भिमाबाई तिथं गेली. पैसे रुमालात बांधून पोलक्यात ठेवले होते. घर विचारत विचारत पोचली. भावाच्या शेतातल्या खोलीत ती दोघं राहत. एका बाजूला फवारणीचे पंप आणि औषधाचे डबे, दुसऱ्या बाजूला खाट. शालिग्राम खाटेवर बसला होता. आवाजावरून त्यानं ओळखलं.

"भिमाबाई हाय काय? बस ना बाई. छाया, पाणी आण वं."

छायानं पाणी दिलं. समोर बसली नाही, भिंतीला टेकून उभी राहिली.

भिमाबाईनं नारायणराव गेल्याचं सांगितलं, अपील पडल्याचं सांगितलं, जीपचंही सांगितलं. शालिग्राम मान हलवत ऐकत होता.

"गेले काय नारायणराव?" तो म्हणाला. "मले तं कळलंच नाही. चांगले बोलत जायचे माह्यासंग. गिरणीत तं कोणी अहोजाहो करत नव्हतं, तेच करायचे."

छायानं तोंड फिरवलं.

भिमाबाईनं रुमाल काढून खाटेवर ठेवला. "हे तुहंच हाय, भाऊ. तुह्या घराचं."

शालिग्रामनं चाचपून पाहिलं आणि रुमाल तिच्याकडं सरकवला. "नाही बाई. तुहा फंड हाय तो. एवढाच तं भेटला तुले. मी कसा घेऊ?"

"घे ना गा."

"नाही."

तेव्हा छाया पुढं आली आणि तिनं रुमाल उचलला. मोजला नाही, सोडलाही नाही, तसाच कमरेला खोचला. "मी घेतो," ती म्हणाली. "याच्या डोयाचं आपरेशन करा लागते. भावाची बायको रोज बोलते." मग भिमाबाईकडं सरळ बघत म्हणाली, "पैसे घेतले म्हणून असं समजू नोको की झालं. पुन्हा येऊ नोको वं इकडं."

भिमाबाई उठली. शालिग्राम म्हणत राहिला, अगं चहा तरी कर, एवढ्या दुरून आली ती. छायानं चूल पेटवली नाही.

फाट्यावर बसची वाट बघताना ऊन चढलं होतं. शेजारी एक बाई कोथिंबिरीचं गाठोडं घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "पाहुण्याइकडं आल्ता काय?"

"हाव," भिमाबाई म्हणाली.

"कोण लागते?"

"आम्ही एका गिरणीत होतो," ती म्हणाली. बस आली ती भरलेली होती. खामगावपर्यंत ती दांडा धरून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी जिनिंगमध्ये कापसातला कचरा वेचायला जायचं होतं. रोजीचं काम, संध्याकाळी हातात पैसे.